मयत राक्षसाबाबत

भावेशने राक्षस मारला, पण तसं काही घडलंच नाही असं समजा, कारण गेमही तसंच समजतो. "राक्षस मेला की मी पथारीवर वाळणाऱ्या मिरच्या उचलायला येतो," त्याने आईला सांगितलेलं. नंदुरबारवर अवकाळी आभाळ दाटलेलं. गेममधल्या राजाच्या मिशीचा एकेक केस वाऱ्यावर हलायचा. भावेशने रक्ताळलेलं मुंडकं त्याच्यापुढे आपटलं. त्यावर पाय ठेवून राजा म्हणाला, "जा वीरा, राक्षसाला मार!" भावेशला मिशीची शिसारी आली. वत्सलाबाई लेकाला ओढायला आल्या, स्क्रीन पाहून तिथेच बसल्या. "मुंडकं पायखाले शे! हाऊ राजा आंधया शे का?" "माय, मिरच्या वल्या व्हतीन!" "हाऊ कबूल करत नही तोपर्यंत मी उठत नही!" भावेशने गेमच्या कंपनीला लिहिलं: सबब, सदर राक्षसास मयत घोषित करून अर्जदाराच्या आईस मिरच्या उचलण्यास मोकळे करावे, ही नम्र विनंती.