दंडावरची बादली

बास्केटबॉल लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर निशिकांतला खांद्यावर घेऊन संघ मैदानभर नाचला. तो खाली उतरल्यावर टीव्हीवाल्या मुलीने विचारलं, "बाकीच्यांनी वाघ-सिंह गोंदलेत. तुमच्या दंडावर बादली कशी?"

"मिरजेत आमच्याकडे बास्केट नव्हती," तो म्हणाला. "आईने घरातल्या एकुलत्या एका बादलीचं बूड कापलं, ती कडुलिंबाला टांगली आणि म्हणाली, टाक चेंडू. वर्षभर आम्ही पातेल्यातून अंघोळी केल्या."

सगळे खळखळून हसले. तेवढ्यात आईचाच फोन आला.

"टीव्हीवर बघितलं. बादली निळी होती, तू काळी काढलीस."

"आई, गोंदण काळंच असतं गं."

"मग निळा रंग भर. लोकांना वाटेल, आमची बादली जळलेली होती."

सकाळी उठल्या उठल्या, एकटाच हसत, तो रंग भरून घ्यायला निघाला.