खुब्याचे गुण

हट्टा गावच्या अनुसयाबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा खुबा झिजून तीन वर्षं झाली होती. फिजिओथेरपी शिकणारी मोहिनी समोर सतरंजीवर दोन फॉर्म घेऊन बसली. एकाच पेशंटला दोन्ही विचारायचे आणि कोणत्या फॉर्ममधून दुखणं बरोबर कळतं ते पाहायचं, हे तिचं काम.

पहिला फॉर्म परदेशातला, मराठीत केलेला.

"जिना चढताना त्रास होतो, मावशी?"

"जिना कुठं हाय?"

"मोजे घालताना?"

"मोजे घालतच न्हाई."

"कारमध्ये बसताना?"

"मला कोण कारमधी नेऊन राहिलंय, माय?"

मोहिनी प्रत्येक वेळी 'त्रास नाही'वर खूण करत गेली. नियमच तसा होता: जे करतच नाही, तिथं त्रास नाही धरायचं आणि पूर्ण गुण द्यायचे.

दुसऱ्या फॉर्ममध्ये मांडी घालणं होतं, उकिडवं बसणं होतं. परसाकडंचं विचारल्यावर अनुसयाबाईंनी आवाज खाली आणला. "रातचं जेवनच सोडलं. जायाची पाळीच येऊ नाई म्हनून."

बेरीज झाली. पहिल्या फॉर्मात शंभरपैकी एक्क्याऐंशी, दुसऱ्यात बावीस.

अनुसयाबाईंचे मालक दगडोबा शेळ्यांना पाला टाकून आले. "मंग त्या फुकटच्या शिबिरात ऑपरेशनचा नंबर लागंल का?"

"शिबिरात पहिलाच फॉर्म धरतात, काका. पन्नासच्या आत गुण असतील तरच घेतात."

"म्हंजे कागदावर ही बराबर चालून राहिली?"

मोहिनीनं पेन हातात फिरवलं. मग हळूच म्हणाली, "जिन्याला त्रास होतो असं लिहू का, मावशी? मोज्यालाही?"

दगडोबांनी लगेच होकारार्थी मान हलवली. अनुसयाबाईंनी नाही. "नगं. माझ्यापायी दुसऱ्या कुनाचा नंबर जायचा."

दुसऱ्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ मोकळी होती. तिला गुण नव्हते. मोहिनीनं वाचलं, "दुखण्यामुळे काय करायचं राहून गेलं?"

अनुसयाबाईंनी अंगणाकडे बोट केलं.

"आमची लेक, संगिता. फागुनात गेली. हितंच ठिवली व्हती अंगनात. समद्या बाया तिच्यापाशी बसल्या. मला खाली बसता आलं न्हाई. उभ्यानंच पाह्यली."

दगडोबा पुन्हा शेळ्यांकडे गेले.

"लेकराच्या तोंडावरून हात फिरवायचा राह्यला," अनुसयाबाई म्हणाल्या. "तेवढं लिव, माय."