बस बंद करणारा माणूस

“या गावात सकाळच्या बसला पंधरा माणसं जमवून दाखव, ग्लेनिस. मिशी उतरवीन!”

लेनर्ड स्पर्लिंग चर्चच्या फाटकात उभा राहून बोलला, तेही अख्ख्या नेदर बोर्न गावाला ऐकू जावं अशा आवाजात. रविवारची प्रार्थना नुकतीच सुटली होती. माणसं थबकली.

ग्लेनिस अ‍ॅटवॉटरचा चेहरा लाल झाला. लेनर्ड तिचा जुना शेजारी. गावानंच त्याला निवडून कौन्सिलात पाठवलं होतं. आणि आता त्यानंच गावातून स्टेशनला जाणारी नऊ नंबरची बस बंद करावी असा ठराव मांडला होता. खांबाखांबावर नोटिसा लागल्या होत्या. ख्रिसमसच्या आधी जाहीर सभा होती.

“लाज वाटते का तुला? म्हातारीकोतारी दवाखान्यात कशी जायची?”

“आत्ता तरी कुठं बसनं जातात? गेल्या वर्षी बससाठी बैठक बोलावली होती, आठवतंय? चिटपाखरू फिरकलं नाही. तू तरी आलीस? शेवटची बसमध्ये कधी चढलीस, सांग!”

ग्लेनिसनं हातातली गाडीची किल्ली मुठीत लपवली. चर्चला ती स्वतःच्या गाडीनंच आली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र गाडीची किल्ली खुंटीवरच ठेवून ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. ड्रायव्हर डेलरॉयनं दार उघडलं आणि तिच्याकडे बघतच राहिला.

“बाई, वाट चुकलात की काय?”

“नाही. सापडली.”

आत एकच बाई होती. ब्रिजेट तिचं नाव, कौन्सिलची कर्मचारी. सभा होईपर्यंत रोजचे प्रवासी मोजायला तिला बसवलं होतं. सबंध वाटेत तिला मोजायला ग्लेनिसच तेवढी मिळाली.

त्या संध्याकाळपासून ग्लेनिसनं दारं ठोठावायला सुरुवात केली. लंडनला नोकरीला जाणारी मंडळी आधी कुरकुरली, पण स्टेशनवर गाडी लावायला जागा शोधण्याच्या त्रासाला तीही विटली होती. चर्चमधल्या गाणाऱ्यांना तिनं सांगितलं, “तालीम बसमध्येच करा की! गळा काय, तिथंही तोच.” ह्यूबर्ट पेनफोल्ड बायको गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हता. त्याला तिनं अक्षरशः बखोटीला धरून आणलं.

“मला कुठं जायचंच नाहीये,” ह्यूबर्ट म्हणाला.

“मग जा आणि ये. बसला काय कळतंय!”

शुक्रवारी बसायला जागा उरली नाही. ह्यूबर्टला उभं राहावं लागलं आणि त्याचाच त्याला कोण आनंद! कुणीतरी आलं घातलेला केक आणला होता, तो पुढून मागपर्यंत फिरला. कुंपणाच्या भांडणावरून अबोला धरलेल्या दोन शेजारणी नेमक्या एकाच बाकावर आल्या आणि स्टेशन येईपर्यंत जावयांच्या तक्रारींत रंगून गेल्या. डेलरॉय गाणाऱ्यांना आरशातून ओरडला, “अहो, वरचा सूर जरा सांभाळून! काचा फुटतील माझ्या!”

लेनर्डनं शब्द पाळला. पबच्या अंगणात, सगळ्यांसमोर मिशी उतरवली. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला. गाव पोट धरधरून हसलं.

“हौसेला काय, कुणीही जमतं,” लेनर्ड तोंड पुसत म्हणाला. “थंडी पडू दे. मग बघू कोण पांघरुणातून बाहेर येतंय.”

झालं! थंडी पडली, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला, तरी एक माणूस कमी झाला नाही. उलट माणसं वाढली. लेनर्डशी मात्र गावानं बोलणं टाकलं. पबमध्ये तो आला की त्याच्या टेबलाशी कुणी बसत नसे. तो खिडकीपाशी एकटाच बसून समोरच्या थांब्यावरची रांग बघायचा. ग्लेनिसला एकदा वाटलं, जाऊन बसावं त्याच्याजवळ. जुना माणूस आहे. पण तेवढ्यात तो हसल्यासारखा दिसला आणि तिचं मन पुन्हा कडू झालं.

सभेच्या दिवशी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. ह्यूबर्ट बोलायला उठला. “ही बस मला कुठंही नेत नाही,” तो म्हणाला, “पण घरातून बाहेर काढते.” एवढंच बोलून बसला. पुढं बसलेल्या कौन्सिलच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

मतं घेतली. ठरावाच्या बाजूनं एकच हात वर झाला. लेनर्डचा. बस वाचली! गाणाऱ्यांनी जागच्या जागी सूर धरला, डेलरॉयला लोकांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि तो वजनदार असल्यामुळे बेत सोडून दिला. लेनर्ड कोट चढवून बाहेर पडला.

“चालत जा आता!” मागून कुणीतरी ओरडलं.

ग्लेनिसचे डोळे आनंदानं वाहत होते. ब्रिजेट खुर्च्या आवरत होती, तिला जाऊन तिनं मिठीच मारली.

“एक सांग गं, पोरी. या लेनर्डचं आमच्या बसशी एवढं वैर कसलं?”

ब्रिजेटनं दाराकडे पाहिलं. लेनर्ड गेला होता.

“बाई, रिकाम्या बसगाड्यांसाठी सभा होतच नाहीत. मार्चमध्ये वर्षाचा हिशेब मिटवताना आम्ही त्या गुपचूप थांबवतो. नोटीस नाही, मतदान नाही. गेल्या मार्चमध्ये अकरा गेल्या. त्या गावांना कळलं ते थांब्यावर ताटकळल्यावर.”

“मग आमचीच कशी आली सभेपुढं?”

“येत्या मार्चला तुमचीही जायचीच होती. पण कौन्सिलातल्या कुणी बस बंद करायचा ठराव मांडला, तर मात्र गावात नोटीस लावून, मोजणी करून, सगळ्यांना विचारावंच लागतं. नियमच आहे तसा,” ब्रिजेट म्हणाली. “पण तो ठराव स्वतःच्या नावावर घेऊन गावाच्या शिव्या खायला आजवर एकच माणूस तयार झाला.”