एक तास पाच मिनिटं

“चारशे दहा किलोमीटर,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “पंख्याचं विमान. चढण-उतरण धरून एक तास पाच मिनिटं. विमानतळावरून घरी पंचवीस. बारा दहाचं पकडलं असेल तर पावणेदोनच्या आत दारात.”

“हो बाबा,” मुलीने उशी सारखी केली.

तीस वर्षं त्यांनी विमानतळावर उड्डाणांच्या वेळा आखल्या होत्या. हातपाय थकले, पण डोक्यातलं वेळापत्रक शाबूत होतं. कानही तिखट. सकाळी डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, “आजचा दिवस. कुणाला बोलवायचं तर बोलवून घ्या,” ते त्यांनी बरोब्बर ऐकलं.

“दादाला बोलव. त्याला बघितल्याशिवाय मी जायचा नाही.”

ती फोन घेऊन गॅलरीत गेली होती. परत येऊन म्हणाली होती, “निघतोय.”

दोन वाजले. दार वाजलं नाही.

“बारा दहाचं चुकलं, बाबा. आता दोन चाळीसचं.”

“चुकणारच. केवढे व्याप त्याच्यामागे! तू काय नुसती उभी? पडदा सार.”

स्वयंपाकघरात नर्सने तिला गाठलं. “ताई, खरं सांगा, येणारेत का भाऊ?”

“काय सांगू तुम्हाला!”

“धन्य आहे! तासाभरावर राहायचं आणि बापासाठी वेळ नाही. तुम्ही मात्र सात वर्षं मर मर मरताय.”

मुलीने नुसते डोळे पुसले.

दोन वर्षांपूर्वीच्या दुखण्यात भाऊ दोन दिवस येऊन गेला होता. “मुलाने मला उठवून बसवलं,” असं बाबांनी आल्यागेल्याला सांगितलं. त्याआधी पाच महिने गू-मूत कुणी काढलं, ते कुणाला कळलं नाही. तिला ते तेव्हा झोंबलं होतं, अजूनही झोंबत होतं.

सव्वाचारला बाबांनी पुन्हा विचारलं, “अजून कसा नाही?”

“तिकडे धुकं आहे म्हणे.”

त्यांनी डोळे उघडले. “भर दुपारी? काहीतरीच!”

“मग बिघाड असेल.”

“हां, बिघाड म्हण. मग दीड तास धर. दे बघू फोन, मीच बोलतो.”

“आता विमानात बसलाय, बाबा. फोन बंद असणार.”

“बसला?” कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “सुटलं कधी?”

“चार दहाला.”

मग ते विमानाबरोबरच निघाले. “आता वर गेलं असेल. आता चहा देत असतील.” आवाज बारीक होत गेला. मुलगी पायाशी बसून तळवे चोळत होती. पाच वाजता ते म्हणाले, “उतरायला लागलं.” सव्वापाचला म्हणाले, “उतरलं,” आणि दाराकडे बघत राहिले.

साडेपाचला श्वास थांबला.

नर्सने त्यांचे डोळे मिटले. “वाट बघत गेले हो! असल्या मुलाचं तोंड बघू नये,” ती करवादली आणि डॉक्टरांना बोलवायला खाली गेली.

मुलगी गॅलरीत आली. भावाने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“दादा,” तिला हुंदका फुटला, अगदी खरा, “बाबा गेले रे. सकाळी छान चहा प्यायले, गप्पा मारल्या. इतकं अचानक झालं सगळं, तुला कळवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.”