सुंदरबाईच्या कुलूपबंद खोल्या

“उघड कुलपं,” कमरेचं किल्ल्यांचं जुडगं वाजवत विठ्ठलराव म्हणाले. “आज पाडवा हाय. ठरलं तसं होऊ दे.”

सुंदरबाईनं पदर सावरला आणि आधी चहाचं आधण ठेवलं. थोरला दीर दारात आला की पहिला चहा, भांडण मागून.

वडवणीत बसस्टँडच्या मागं, बाजाराला लागून तिच्या पाच खोल्या. नवरा गेल्यावर त्याच भाड्यावर तिची चूल पेटायची. दिवाळीनंतर बोअर आटला आणि मास्तर, कंपाउंडर, सगळे भाडेकरू भांडीकुंडी बांधून माजलगावकडं धरणाच्या पाण्याजवळ गेले. आता त्यांना तरी काय बोल लावणार? पाण्यासाठी माणूस गाव सोडतो, खोलीचं काय घेऊन बसलात!

विठ्ठलरावांना त्या जागेवर दुकानं काढायची होती. दूध सोसायटीचे चेअरमन ते, शब्दाला वजन. संक्रांतीला त्यांनी चारचौघांत ठरवून घेतलं. पाडव्यापर्यंत खोल्या भाड्यानं गेल्या, तर ते जागेचं नाव काढणार नाहीत. नाही गेल्या, तर सुंदरबाईनं जागा त्यांना द्यायची आणि त्यांच्या घरी जाऊन राहायचं. म्हणजे जावेच्या हाताखाली जन्मभर भाकरी थापायच्या.

तरी बाईनं भाडेकरू शोधायचे सोडून डागडुजीच काढली. गळके पत्रे बदलले. खाली फळ्या टाकल्या. उंदरांची बिळं काचा घालून सिमेंटनं बुजवली. गल्ली खोखो हसली.

“प्यायला पाणी न्हाई अन् ही उंदराच्या मागं लागलीया!”

नणंद ताराबाई आज साक्षीला म्हणून लिंबागणेशहून आली होती. तिनं ओसरीवरून पाची दारांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“वहिनी, काहून ताणती? दादा काय परका हाय का?”

सुंदरबाईनं कप न हिंदकळता दिराच्या पुढं ठेवला.

“लई वाळलात, भावजी.”

“वाळणार न्हाई तर काय!” विठ्ठलराव बशीत चहा ओतत म्हणाले. “दुष्काळात सभासदांची जनावरं जगवायची म्हणजे खेळ हाय व्हय? कडबा उघड्यावर ठेवला की चोर, झाकून ठेवला की उंदीर. शेवटी बंकट सेक्रेटरीला म्हणलं, बाजाराजवळ पक्की, कोरडी जागा घे अन् किल्ल्या माझ्या हवाली कर. आता बिनघोर झोपतो.”

“जागा बघितली का पण?”

“चेअरमननं पेंढ्या मोजत हिंडायचं व्हय? ते बंकटचं काम.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तू विषय बदलू नको. रिकाम्या खोल्यांना एवढी नवीकोरी कुलपं लावून कुणाला भुलवती? एक तरी भाडेकरू दाखव.”

“भेटलाय की.”

ताराबाई ताडकन उठली. “आगं बाई! पाण्याबिगर कोण राहायला आलं?”

“पाणी न मागणाराच बघितला मी. आंघोळ न्हाई, धुणं न्हाई, कटकट न्हाई. फक्त म्हणतो, पावसाचा थेंब अन् उंदीर आत येऊ देऊ नको. पाचीच्या पाची खोल्या घेतल्या त्यानं, त्याबी पुढच्या पाडव्यापर्यंत.”

विठ्ठलराव मांडीवर थाप मारून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“ऐकलं का ग तारे? भूत ठेवलंय हिनं भाड्यानं! चल, उघड. बघू दे मला तुझा भाडेकरू.”

“मी कशी उघडू, भावजी?” सुंदरबाई पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. “खोली भाड्यानं दिली की किल्ली भाडेकरूकडं. ती तुमच्या कमरेला हाय.”