ताई करेल तसं

रंजनाने हात वर केले, तशी अंगणवाडीतली सगळी मुलं झाडं झाली. ती वाकली, मुलं बेडूक झाली. ‘आधी ताईंनी करायचं, मग मुलं करतात,’ असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

नवरा लाथेनं दार उघडून आत आला. “घरी भाकरीचा पत्ता नाही आणि इथं उड्या मारतेस?” त्यानं मुस्काटात ठेवून दिली. पुन्हा हात उगारला, तशी ती सवयीनं डोकं झाकून खाली बसली.

मागून एकानं विचारलं, “ताई, आता आपण कोण झालो?”

तिनं वळून पाहिलं. सगळी मुलं डोकी झाकून बसली होती.

“कोणीच नाही. उठा,” म्हणत ती उठली. खाली येणारं त्याचं मनगट तिनं हवेतच पकडलं आणि तो कळवळेपर्यंत पिरगाळलं.

मागे सगळ्यांचे हात वर गेले, मुठी आवळून.