गाडी रिकामी आहे

मृदुला आणि हेमंत पिशव्या घेऊन उतरले, तोच दार मिटलं आणि बिनचालकाची गाडी निघून गेली. त्यांची चार वर्षांची ओवी आत मागच्या सीटखाली झोपली होती.

"गाडी रिकामी आहे. चार्जिंगतळाकडे निघाली आहे," फोन लावल्यावर मदतकेंद्राचा यांत्रिक आवाज पुन्हापुन्हा सांगत राहिला.

शहरात आता कुणाचीच स्वतःची गाडी नव्हती. फेरी संपली की मोबाइलवरून तिचा नंबरही पुसला जाई. दोघं तळावर पोचले, तर उन्हात शेकडो पांढऱ्या गाड्या उभ्या. सगळ्या काळ्या काचांच्या, सगळ्या सारख्या.

"तुमची कुठली?" रखवालदाराने विचारलं.

इतक्यात ऑफिसं सुटायची वेळ झाली आणि गाड्या प्रवासी आणायला फाटकाकडे सरकू लागल्या. समोर माणूस दिसला की गाड्या थांबतात, एवढंच मृदुलाला ठाऊक होतं. ती फाटकात आडवी झोपली.

"तू शोध तिला!" ती ओरडली.

पहिली गाडी तिच्या पायांशी थांबली, मागे सगळी रांग थांबली. हेमंत काचेकाचेला डोळे लावत, हाका मारत धावत होता. मग दूर कुठेतरी त्याने काच फोडली आणि ओवीचं रडणं ऐकू आलं.

तरी मृदुला उठली नाही. ओवी हातात येईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.